एक रेघ जास्त

लिफ्ट सहाव्या आणि सातव्या मजल्याच्या मध्ये थांबली तेव्हा माझ्या हातात अकरा शर्ट होते. कडक इस्त्रीचे, हँगरवर. खाली ठेवले तर चुरगळणार, धरून ठेवले तर खांदा निखळणार. जुनी, जाळीच्या दाराची लिफ्ट. मी जाळीला लाथ मारली. कोणी आलं नाही. दुसरी जरा मनापासून मारली.

वर सातव्या मजल्याच्या फरशीवर दोन बूट येऊन थांबले. मग गुडघे टेकले. मग एक चेहरा खाली वाकला, कपाळावर ग्रीसचा पट्टा.

"ब… ब… ब…"

"काय ब? उघड ना दार!"

"ब… बट…"

"अरे बोल पटकन! हात तुटतायत माझे."

"ब… ब…"

"ब… ब… बकरी आहेस का तू?" मी त्याच्याच सुरात म्हटलं. मला खरंच वाटलं, चेष्टा चाललीय. अडकलेल्या मुलीची मजा बघायला येणारे पुष्कळ असतात.

तो गप्प झाला. एकदम. मग जाळीतून त्याने एक काळं बोट आत घातलं आणि माझ्या कोपराकडे दाखवलं. एका हँगरचा आकडा थांबवायच्या बटणावर रुतून बसला होता. म्हणजे लिफ्ट बिघडलीच नव्हती… मीच थांबवली होती.

मी आकडा सोडवला. लिफ्ट सुरू झाली. सातव्या मजल्यावर त्याने दार उघडून धरलं, माझ्या हातातून घसरत असलेला एक शर्ट हँगरला धरून सावरला. कापडाला बोट लागू दिलं नाही. तेवढं मी पाहिलं.

"मग नीट सांगायचं ना. एवढं त-त-प-प कशाला? भूत दिसलं का?"

त्याने मान हलवली. नाही. आणि जिन्याने वर, मशिनच्या खोलीकडे निघून गेला. चेहऱ्यावर राग नव्हता. असता तर बरं झालं असतं. रागाशी माझं चांगलं जमतं.

आता मी कोण ते सांगते. मी आत्याच्या लॉन्ड्रीत इस्त्री करते. अठरा पूर्ण झाली. दोन वर्षांपूर्वी शाळेच्या शेवटच्या परीक्षेत घंटा झाली तेव्हा मी लिहीत होते. सुपरवायझरने पेपर ओढला, मी परत ओढला. पेपर फाटला. अर्धा त्यांच्या हातात, अर्धा माझ्या. मी माझा अर्धा तिथेच टाकला आणि चालत घरी आले. पुन्हा गेले नाही.

दोन वर्षं आत्याने काही विचारलं नाही. मग एक दिवस ती म्हणाली, "दुपारी तीन ते पाच दुकानात गिऱ्हाईक नसतं. वाचनालयाच्या मागे शाळा सुटलेल्यांचा वर्ग असतो. जाशील?"

"नाही."

"बरं. मग तीन ते पाच पडदे धू. वाचनालयाचेच आलेत. अठ्ठावीस आहेत."

मी वर्गात गेले.

आणि दारातून आत पाऊल टाकलं तर तिसऱ्या बाकावर कपाळ स्वच्छ धुतलेला तोच. बाईंनी त्याला उठून नाव, काम सांगायला सांगितलं. तो उठला. त्याचे ओठ मिटले, मानेची शीर तटतटली, आणि पहिलं अक्षर बाहेर येईपर्यंत खोलीतले सगळे खाली बघत होते. मी सोडून. मी त्याच्याकडेच बघत होते, कारण मला माझाच आवाज ऐकू येत होता. बकरी आहेस का तू.

मला इतकी लाज कधीच वाटली नव्हती. आणि लाज वाटली की मी काय करते? चिडते. मी त्याच्या शेजारी जाऊन आदळल्यासारखी बसले आणि म्हटलं, "त्या दिवशी सांगायचं होतंस की तुला असं होतं."

तो माझ्याकडे बघत राहिला. मग हळूच म्हणाला, "तेच स… सांगत होतो."

मला हसू आलं. त्यालाही. बाईंनी दोघांकडे बघितलं.

---

बाईंच्या वर्गात भिंतीवर घड्याळ नाही. बाई म्हणतात, घड्याळ असलं की माणसं घड्याळ बघतात, काम बघत नाहीत. फोन दाराशी टोपलीत टाकायचे. वेळेसाठी बाईंकडे टायमर आहेत, चार. पांढरी डबी, मधे गोल तबकडी, कडेला बारीक रेघा. तबकडीचा खुंटा फिरवला की खालून लाल चकती बाहेर येते. जेवढा वेळ, तेवढा लाल. मग लाल आपोआप कमी कमी होत जातो, आवाज नाही, टिकटिक नाही. संपला की फक्त एकदा 'टिंग'.

एक रेघ म्हणजे अर्धं मिनिट. चौथी रेघ म्हणजे दोन मिनिटं.

सगळा वर्ग लालवर चालायचा. दहा मिनिटं वाचायचं, लाल. पाच मिनिटं गणित, लाल. वह्या आवरायला एक मिनिट, लाल. पहिल्या दिवशी मला तो डबा खिडकीतून फेकावासा वाटला. पण ते शाळेच्या घंटेसारखं नव्हतं. घंटा मागून येऊन मानगूट पकडते. लाल समोर असतो, किती उरलाय ते दिसतं. हे माझ्या लवकर लक्षात आलं, फक्त बाईंना सांगितलं नाही.

शेवटचा अर्धा तास बोलायचा. दोघं-दोघं समोरासमोर. एक बोलणार, दुसरा लाल लावणार आणि ऐकणार. ऐकणाऱ्याने तोंड उघडायचं नाही. "हो" पण नाही. तोंडी परीक्षेची तयारी म्हणून हे सगळं: चिठ्ठी उचलायची, त्या विषयावर दोन मिनिटं बोलायचं, आणि दोन मिनिटांत बोलणं पूर्ण करायचं. अर्धवट राहिलं की नापास.

बाकीच्यांच्या जोड्या ठरलेल्या होत्या. बसवाले काका आणि इस्पितळाच्या स्वयंपाकघरातल्या मावशी, वगैरे. उरलो आम्ही दोघं.

पहिल्या दिवशी तो बोलायला लागला आणि अडला, तर मी शब्द पुरवला. पुन्हा अडला, पुन्हा पुरवला. तिसऱ्यांदा त्याने हात वर केला.

"तू जो श… शब्द देतेस ना," तो म्हणाला, "तो माझा नसतो."

"मग तुझा कोणता होता?"

"आता व… विसरलो. तुझाच क… कानात बसला."

त्या दिवसापासून मी ओठ दाताखाली धरून बसायचे. माझ्यासारखीला ते किती जड जातं ते आत्याला विचारा.

पण मग मला ऐकू यायला लागलं. तो लिफ्टवाल्यांच्या कंपनीत हेल्पर. मशिनच्या खोलीत बसून तेल-ग्रीस करतो, आणि त्या खोलीच्या जमिनीला दोरांसाठी भोकं असतात. त्या भोकांतून खालच्या लिफ्टमधलं सगळं ऐकू येतं.

"ए… एकटी माणसं," त्याने सांगितलं, "लिफ्टमध्ये स… सराव करतात. माफी मागायचा. भ… भांडायचा. एक बाई रोज ह… हसायचा सराव करते. तीनदा हसते, मग उ… उतरते."

आणि एक दिवस त्याने त्या माणसाची गोष्ट सुरू केली, जो रोज सकाळी वर जाताना स्वतःशी म्हणायचा, "आज सांगतोच." सात मजले नुसतं, आज सांगतोच, आज सांगतोच. आणि संध्याकाळी खाली येताना काहीच नाही. सात महिने. मग एक दिवस संध्याकाळी तो माणूस लिफ्टमध्ये शिरला आणि म्हणाला—

टिंग.

"म्हणाला काय?" मी ओरडलेच.

त्याने लालकडे बोट दाखवलं. संपला. हात बांधून बसला, डोळ्यांत हसू.

"अरे सांग ना! नियम गेला खड्ड्यात."

"उ… उद्या."

दुसऱ्या दिवशी मी लाल लावताना माझा हात जरा पुढे गेला. चौथ्या रेघेवरून पाचव्या रेघेवर. एकच रेघ. मुद्दाम? हो, मुद्दाम. मला त्या माणसाचं पुढचं ऐकायचं होतं, बस. समोर बसलेल्याला लाल तिरका दिसतो, एका रेघेचा फरक कळत नाही. मला कळायचा. इस्त्री करणाऱ्याला दोन सुतांची घडी चुकली तरी दिसते.

त्या दिवशी गोष्ट पूर्ण झाली. तो माणूस म्हणाला होता, "सांगितलं." एवढंच. आणि मग सात मजले शीळ वाजवत खाली गेला.

टिंग.

त्याने लालकडे बघितलं, मग माझ्याकडे. "व… वेळेत झालं?"

"झालं," मी म्हटलं.

त्याचा चेहरा तेव्हा जसा झाला, तसा मी कोणाचाच पाहिला नव्हता. मला तो पुन्हा बघायचा होता. म्हणून तिसऱ्या दिवशीही पाचवी रेघ. मग विषय अवघड आला की सहावी.

माझा लाल मात्र तो डोळा बारीक करून, अगदी चौथ्या रेघेवर लावायचा. केसभर इकडे नाही, तिकडे नाही. आणि मी पहिल्या मिनिटातच सगळं बोलून मोकळी व्हायचे.

"इतकी घ… घाई कशाची?"

"संपलं माझं."

"संपलं नाही. तू प… पळून आलीस." मग जरा थांबून, "वाफ आहेस तू. झाकण उ… उघडलं की गेली."

"आणि तू?"

"मी लिफ्ट. हळू. पण व… वर नेऊन सोडतो."

"मधेच अडकतोस."

"क… कोणीतरी बटण दाबून धरलं तर."

मी वही उगारली. बाईंनी "अजून लाल आहे" एवढंच म्हटलं. पण मग रस्त्याने दुकानात जाताना माझ्या लक्षात आलं की मी एकटीच हसतेय. समोरून येणाऱ्या म्हाताऱ्या आजोबांना वाटलं त्यांच्याकडे बघून हसतेय, तेही हसले.

तो मला वाफ म्हणायला लागला. बाकी कोणी म्हटलं असतं तर मी गालफडात दिली असती.

---

त्याचे सगळे लेखी पेपर पास होते. तोंडी दोनदा गेली होती. नियम असा की तिसऱ्यांदा गेली तर लेखी पेपरही रद्द, सगळं पहिल्यापासून. पास झाला तर कंपनी त्याला लिफ्ट मेकॅनिकच्या प्रशिक्षणाला पाठवणार होती. आठ महिने, लांबच्या शहरात. मेकॅनिक झाला की स्वतःच्या सहीने लिफ्ट सुरू करायची. हेल्परला सही नसते. हेल्परने दुरुस्त केलेल्या लिफ्टवरही सही दुसऱ्याचीच असते.

हे त्याने मला लाल सुरू असताना सांगितलं. त्या दिवशी एकदाही हसला नाही.

परीक्षेला महिना उरला तेव्हा बाईंनी त्याला एक कागद दिला. जादा वेळेचा अर्ज. बोलायला ज्यांना वेळ लागतो त्यांना दोनाची तीन मिनिटं मिळतात. मागितली पाहिजेत, एवढंच. गेल्या दोन्ही वेळी त्याने मागितली नव्हती.

त्याने कागद दोन दिवस खिशात ठेवला. तिसऱ्या दिवशी बाईंच्या टेबलावर परत नेऊन ठेवला.

"ग… गरज नाही बाई. माझं आता दोन मिनिटांत होतं. हिला व… विचारा."

बाईंनी माझ्याकडे बघितलं. काका, मावशी, सगळ्यांनी बघितलं. त्यानेही बघितलं. आणि मी…

मी मान हलवली. हो.

खरं सांगते, तोपर्यंत मला कळलंच नव्हतं की मी काय करतेय. मला वाटत होतं मी त्याला वेळ देतेय. मी त्याचा वेळ चोरत होते.

वर्ग सुटल्यावर काका वह्यांची पिशवी खांद्याला लावून माझ्याबरोबर चालायला लागले.

"पोरी, मी बत्तीस वर्षं बस चालवतोय. कुठला सिग्नल किती सेकंदांचा ते डोळे मिटून सांगतो."

"बरं मग?"

"त्याचा लाल मोठा असतो."

मी थांबले. "तुम्ही सांगितलंत कोणाला?"

"मी कशाला सांगू? स्टिअरिंग तुझ्या हातात आहे." ते जरा पुढे गेले, मग वळले. "पण रस्ता संपत आलाय, एवढं बघ."

"एकट्याने मोजेल ना तो घरी," मी म्हटलं. मला कोणीतरी सोडवायला हवं होतं. "फोनवर. त्याला कळेलच."

काकांनी नाही म्हणून डोकं हलवलं. दुसऱ्या दिवशी मी त्यालाच सहज म्हणून विचारलं, घरी सराव करतोस का?

"खोलीवर चौघं असतो. तिथे बोलत न… नाही. आणि एकटा असलो की मी अ… अडखळतच नाही. मग मोजायचं काय?"

म्हणजे माझ्याशिवाय त्याच्याकडे दुसरं घड्याळच नव्हतं.

अर्जाची शेवटची तारीख शुक्रवार होती, पाच वाजेपर्यंत. गुरुवारी बोलायची पाळी माझी होती. त्याने लाल लावला, चौथ्या रेघेवर. मी तोंड उघडलं आणि कॉलरच्या मळाबद्दल बोलायला लागले. मळ कसा बसतो, ब्रश कोणत्या दिशेने मारायचा, साबण किती. पहिल्यांदाच मला दोन मिनिटं पुरली नाहीत.

टिंग.

तो थोडा वेळ माझ्याकडे बघत राहिला. "म… मळावर इतकं मनापासून कोणी बोललं नसेल."

"गप रे."

"तुला दुसरं क… काहीतरी सांगायचं होतं."

"नव्हतं."

"बरं," तो म्हणाला. आणि माझ्या बाहीवरचा एक धागा काढून टेबलाच्या कडेला ठेवला. इतक्या हळूच की धाग्याला लागेल की काय.

त्या दिवशी दुकानात मी एक पांढरा शर्ट जाळला. आत्याने जळक्या खुणेकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं.

"कोणाशी भांडलीस?"

"कोणाशी नाही. आत्या… समजा एखादा माणूस जाणार. आपण गप्प बसलो तर नाही जाणार. मग?"

"गप्प बसून तो थांबला, तर तो थांबला की तू थांबवलंस?"

मी इस्त्री उभी करून ठेवली. आत्या असंच बोलते. चिडायलाही जागा ठेवत नाही.

---

शुक्रवारी पावणेचारला बाई म्हणाल्या, "आज एकेकाने पुढे येऊन बोलायचं. परीक्षा आहे असं समजून." त्याचा नंबर चौथा. त्याने चिठ्ठी उचलली: माझं काम. जोडीदार म्हणून लाल लावायला मी उठले.

चौथी रेघ लावायची, असं मी ठरवून आले होते. म्हणजे आपोआप कळेल, मला बोलावं लागणार नाही. पण मी डबी हातात घेतली आणि मला दिसलं, सगळ्यांसमोर त्याचं तोंड उघडं असताना 'टिंग' होणार. ते मला करवेना. माझा हात सहाव्या रेघेवर गेला.

तो बोलला. कसा बोलला… अडत, थांबत, पण एक शब्द दुसऱ्याचा नाही. शेवटी म्हणाला, "लिफ्ट च… चालते तेव्हा कोणी तिच्याकडे बघत नाही. तेच आमचं क… काम." आणि अर्धी रेघ लाल उरला होता.

सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मावशींनी डोळे पुसले. तो हसत माझ्याकडे बघत होता.

"टाळ्या नका वाजवू," मी म्हटलं.

कोणाला ऐकू गेलं नाही. मग मी ओरडले.

"थांबा! दोन मिनिटं नाही झाली. पावणेतीन झाली. मी लाल जास्त लावते. रोज लावते."

रस्त्यावरून एक हातगाडी गेली, तिचं चाक करकरत होतं, ते लांब जाईपर्यंत ऐकू आलं.

"क… कधीपासून?" त्याने विचारलं.

"तिसऱ्या आठवड्यापासून."

"किती?"

"आधी एक रेघ. मग दोन."

तो खाली बसला. त्याच्या मानेची शीर तटतटली होती, पण तो अडला नव्हता. शब्दच नव्हता त्याच्याकडे. मग तो म्हणाला, "मी आईला ल… लिहून कळवलं. की मी सुधारलो."

मला वाटलं होतं तो रागावेल. ते मी झेललं असतं. हे झेलता येईना.

"दया क… केलीस," तो म्हणाला.

"दया? मी?" माझा आवाज चढला, मला आवरेना. "मी कधी कोणावर दया केलीय? विचार कोणालाही! मला त्या शीळवाल्याचं पुढचं ऐकायचं होतं. मग तुझं ऐकायचं होतं. मग काही सांग, दोरांचं सांग, ग्रीसचं सांग… तू बोलत होतास ना, ते मला संपायला नको होतं. म्हणून लावला जास्त. माझ्यासाठी लावला. तुझ्यासाठी लावला असता तर आधीच सांगितलं असतं."

मावशींनी तोंडावर पदर घेतला. काका खिडकीबाहेर बघायला लागले. मला तेव्हा कळलं की मी काय बोलून बसले.

बाई उठल्या. त्यांनी मला ओरडावं म्हणून मी उभी राहिले. त्यांनी ड्रॉवरमधून तो कागद काढला आणि त्याच्यासमोर ठेवला.

"चार वाजून दहा मिनिटं झालीत," त्या म्हणाल्या. "परीक्षेची कचेरी चालत पंधरा मिनिटांवर आहे. वेळ मागणं म्हणजे हरणं नव्हे, हे मी तुला दोनदा सांगून झालंय. तिसऱ्यांदा नाही सांगणार."

त्याने पेन उघडलं. नाव, वय, कारण. मग एका जागी थांबला. त्या रकान्यात लिहिलं होतं: बोलण्यास प्रत्यक्ष लागणारा वेळ, आणि मोजणाऱ्याची सही.

त्याने माझ्याकडे बघितलं नाही. फक्त कागद सरकवला. पेन त्यावर आडवं ठेवलं.

मी लिहिलं: दोन मिनिटं पंचेचाळीस सेकंद. खाली सही केली. सहीची शेपटी रेघेबाहेर गेली. तो कागद घडी न घालता वहीत ठेवून निघून गेला. दाराशी टोपलीतून फोन घ्यायलाही विसरला. काका तो घेऊन मागे धावले.

"सोमवारपासून जोड्या बदलतील," बाई म्हणाल्या.

"हो बाई."

---

पुढचे तीन आठवडे तो काकांबरोबर बसायचा. काका लाल लावायचे, सहाव्या रेघेवर, सगळ्यांसमोर, मोठ्याने मोजून: "तीन मिनिटं बरं का!" मी मावशींबरोबर. मावशी मला रोज कांदा कसा चिरायचा ते सांगायच्या. मी त्यांच्या खांद्यावरून बघायचे. तो एकदाही वळला नाही.

परीक्षेच्या दिवशी आम्ही लांबच लांब बाकावर बसलो होतो, मधे चार माणसं. माझं आधी झालं. दोन मिनिटांत. घाई न करता. मी घरी जायला मोकळी होते. गेले नाही.

तो आत गेला. मी समोरच्या भिंतीवरचे पोपडे मोजले. दार उघडलं. त्याचा शर्ट पाठीला चिकटला होता. मधली माणसं एव्हाना उठून गेली होती; तो त्या रिकाम्या जागा सोडून सरळ माझ्या शेजारी येऊन बसला.

"झालं?"

"झालं."

"वेळेत?"

"उ… उरला. अकरा सेकंद."

मी बूट बघत बसले.

"राग आहे," तो म्हणाला. "अजून आहे. ख… खूप."

"असू दे. मला रागाची सवय आहे."

"पण त्या दिवशी तू सगळ्यांसमोर जे ओ… ओरडलीस…"

"ते चुकून आलं तोंडातून."

"चुकून?"

"नाही," मी म्हटलं. "खरं होतं."

त्याने माझा हात धरला नाही. त्याच्या बोटांच्या पेरांत ग्रीस होतं, कितीही धुतलं तरी जात नाही ते. त्याने फक्त आपला हात बाकावर ठेवला, माझ्या हाताला लागून. आणि मी माझा काढला नाही. लोक येत-जात होते. आम्ही किती वेळ बसलो ते कोणी मोजलं नाही.

महिन्याने निकाल लागला. दोघंही पास. आठवड्याने तो निघाला. बसथांब्यावर मी आणि आत्या दोघी गेलो. आत्याने त्याला चार इस्त्रीचे शर्ट दिले, आणि मग अचानक तिला पलीकडच्या दुकानात काहीतरी बघायचं आठवलं.

"आठ महिने," मी म्हटलं. "मेसेज करशील ना?"

"नाही."

मी भडकलेच. "का? राग अजून—"

"फ… फोन करीन."

तो कोणालाच फोन करत नाही. फोनवर चेहरा दिसत नाही, ओठ दिसत नाहीत, समोरच्याला वाटतं लाइन गेली आणि तो ठेवून देतो. आईलासुद्धा तो लिहून पाठवतो. कामावर फोन वाजला की दुसऱ्याच्या हातात देतो.

"नको रे. लिही. लिहिलेलंही वाचते मी."

"रविवारी," तो म्हणाला. "स… सकाळी दहाला." आणि बसमध्ये चढला.

रविवारी मी साडेनऊपासून फोन इस्त्रीच्या टेबलावर ठेवला होता. दहा वाजले. दहा-पाच झाले. मी एकच उशीचा अभ्रा चार वेळा केला. दहा-सातला फोन वाजला. मी उचलला.

पलीकडे काहीच नाही. लांबवर कुठेतरी मशिन चालल्यासारखी घरघर. श्वास. पुन्हा काही नाही.

आत्या गठ्ठा बांधता बांधता म्हणाली, "राँग नंबर असेल. ठेव खाली."

मी फोन दोन्ही हातांनी कानाशी धरला.

"थांब आत्या," मी म्हटलं. "बोलतोय तो."